दुसऱ्या ओळीतली सही

नोकरीत मी किती कागदांवर सह्या केल्या याची गणती नाही. त्यातली एकच सही मला अजून जशीच्या तशी दिसते. खरबरीत पिवळट कागद, तीन ओळींचा तक्ता, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात निळ्या शाईतलं माझं नाव. पहिल्या ओळीत माझ्या वहिनीच्या भावाची सही होती. तिसऱ्या ओळीतला रकाना कोराच होता, कारण त्या गावात आमचं कुणी नव्हतं. माझ्या पुतणीच्या वाट्याला शेवटी ती तिसरी ओळ आली.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. मी पंचविशीतला, नवाकोरा कारकून, मुलांच्या शाळांचे कागद जिथं येत त्या कचेरीत. कचेरी म्हणजे एका आडत दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. खाली तुरीची पोती, वर आम्ही. जुन्या जिल्ह्याहून ट्रकमध्ये घालून लोखंडी पेट्या आल्या होत्या, त्यातल्या निम्म्यांच्या किल्ल्या आल्या नव्हत्या. नव्या जिल्ह्याचा शिक्काही यायचा होता. तोवर जुनाच शिक्का मारायचा, त्यावरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खोडायचं आणि वर लातूर लिहायचं, हे काम माझ्याकडे. दिवसभर मी एक जिल्हा खोडत असे आणि दुसरा लिहीत असे. गावाकडे मात्र माझा थाट काही और होता. आपला माणूस जिल्ह्याला आहे, असं लोक म्हणत, आणि मी ते ऐकून घेत असे. आता लिहायला काय लाज, मला ते आवडायचं.

आमचे हेडक्लार्क वयस्कर होते. मनाविरुद्ध बदली होऊन आले होते, बायकामुलं जुन्या जिल्ह्यातच. शनिवारी गावी जात आणि सोमवारी येताना पाण्याचा एक डबा घेऊन येत, कारण लातुरात पाण्याचे हाल होते. तो डबा ते कुणाला शिवू देत नसत. माणूस तिरसट, पण कामाला चोख आणि मनानं वाईट नाही.

पावसानं दोन वर्षं पाठ फिरवली होती. आमचं गाव अहमदपूरच्या कडेचं, अगदी हद्दीवरचं. शेवटच्या शेताचा बांध ओलांडला की नांदेड जिल्हा लागतो. कंधार आम्हाला जवळ, पण ते परजिल्ह्यात. गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या आणि सकाळी टँकर येत असे. टँकर आला की पोरी, बाया, म्हाताऱ्या सगळ्या घागरी घेऊन पळायच्या. सातवीपर्यंतची शाळा होती, पण सकाळच्या प्रार्थनेला मुलींची रांग दिसत नसे. सगळ्या टँकरपाशी.

अशात कचेरीत एक योजना आली. टंचाईच्या गावांतल्या सातवी पास मुलांना शहरातल्या, वसतिगृह असलेल्या शाळांत जागा द्यायच्या. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, नळाला पाणी आणि आठवीचा वर्ग, सगळं एका ठिकाणी. जागा थोड्या, अर्ज फार. म्हणून फॉर्मवर तीन शाळांची पसंती लिहायची, एक-दोन-तीन अशी. प्रत्येक शाळेसमोर त्या गावातल्या एका नातेवाइकाची सही, मूल आजारी पडलं तर बघायला येणारं कुणीतरी हवं म्हणून. त्या रकान्याला स्थानिक पालक असं नाव होतं. आसपासच्या जिल्ह्यांची यादी एकच, आमच्याच कचेरीतून निघायची होती, त्यामुळे लातूर, नांदेड, कंधार, काहीही लिहिता येत होतं.

योजना कळल्याबरोबर मी गावी निरोप धाडला, कारण माझ्या डोळ्यापुढं एकच मुलगी होती.

माझ्या थोरल्या भावाची ती मुलगी त्या वर्षी सातवी झाली होती. केंद्रात दुसरी आली होती. उंच, काटक, आणि जिभेला धार. मास्तरांच्या बेरजेत चूक निघाली तर ती जागेवरून उठून सांगायची आणि मग मास्तर आमच्या घरी येऊन तक्रार करायचे, पण बेरीज बरोबर कुणाची होती हे मात्र सांगायचे नाहीत. आदल्या दिवाळीत ती माझ्या खोलीवर चार दिवस राहिली होती. तेव्हा मुलींच्या एका शाळेवरून जाताना तिला खिडकीतून प्रयोगशाळा दिसली. सुट्टी होती, खोली बंद होती, आत लाकडी घोडीवर काचेच्या नळ्या ओळीनं ठेवलेल्या. ती गजाला धरून उभी राहिली ती हलेनाच. त्यात काय घालतेत, किती घालतेत, तापवल्यावर फुटत कशा न्हाईत, असे प्रश्न. मी तिला म्हणालो, इथं शिकायला आलीस की कळेल. त्या शाळेला वसतिगृह होतं आणि योजनेच्या यादीत त्या शाळेचं नाव होतं.

फॉर्म मीच गावी पाठवला. आठेक दिवसांनी दुपारच्या गाडीनं थोरला भाऊ, अण्णा, आला. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, कपाळाला विभूती, खांद्यावर उपरणं, बोलणं मोजकं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला फॉर्म त्यानं माझ्या खाटेवर ठेवला आणि आधी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, सही कर, मला पाचची गाडी धरायची आहे.

मी फॉर्म उघडला. पहिल्या ओळीत नांदेड. त्यासमोर वहिनीच्या भावाची सही, ठसठशीत. त्याचं नांदेडात कापडाचं दुकान होतं. अण्णा आदल्या दिवशी सहीसाठी त्याच्याकडे जाऊन, जेवून, मग माझ्याकडे आला होता. दुसऱ्या ओळीत लातूर. तिसऱ्या ओळीत कंधार. योजनेत काही नुसत्या शाळाही होत्या, त्यातली ही, वसतिगृह नाही म्हणून तिथं सहीची सक्तीही नव्हती.

मी विचारलं, तिला तर लातूरला यायचं होतं ना?

"लातूरलाच यायचंय की," अण्णा म्हणाला. "पन मामाचा मान आधी. सही करताना त्यो बघनारच ना. नाव वरखाली झालं म्हून काय होतंय, मार्क बघूनच देतेत."

आमच्याकडं हे कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. लग्नपत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या खाली आलं यावरून आमच्यात दोन-दोन वर्षं बोलणं बंद असतं. पत्रिका छापण्याआधी घरातले चार जण बसून नावांचा क्रम लावतात, आणि तरी कुणीतरी रुसतंच. नावांची यादी म्हटली की ती मानाची यादी, हे आमच्या हाडात मुरलेलं. अण्णानं तो तक्ता पाहिला आणि पत्रिका लावावी तशी लावली. मुलीचा मामा म्हणजे तिच्या लग्नात पाठीशी उभा राहणारा माणूस. त्याचं नाव दुसऱ्या ओळीत घालून त्याच्याच पुढं सहीला ठेवायचं, हे अण्णाच्यानं होणारच नव्हतं.

आणि मला राग आला. हे सांगायचंच म्हणून लिहायला बसलोय, तेव्हा सांगतो. निरोप मी धाडला, फॉर्म मी पाठवला, पोरीला प्रयोगशाळा मी दाखवली, आणि माझं गाव दुसऱ्या ओळीत. बहिणीच्या लग्नाच्या पत्रिकेतही माझं नाव असंच तळाला, बारीक अक्षरात गेलं होतं. तेही आठवलं. पण आधी लातूर लिही असं म्हणणं म्हणजे मलाच वर घाल असं म्हणणं. मान कुणी मागून घेतो का? मी टोपण काढलं आणि सही केली. नेहमीपेक्षा जरा मोठीच केली असेल.

अण्णानं शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली आणि गाडीला गेला.

त्यानंतर परिपत्रक आलं. जागा वाटायच्या कशा, याचं. त्याच्या प्रती काढायला स्टेन्सिल मीच कापलं. भाषा सरकारी होती: प्रथम पसंतीचे अर्ज गुणानुक्रमे निकाली काढल्यानंतरच द्वितीय पसंतीचे अर्ज विचारात घ्यावेत. टाइप करताना माझ्या बोटांना ते कळलं, डोक्याला नाही. सायक्लोस्टाइलची शाई हाताला लावून घेत मी प्रती काढत होतो, तेव्हा हेडक्लार्क साहेबांना मी सहज विचारलं की याचा अर्थ नेमका काय.

ते म्हणाले, "पंगत आहे. लातूरला पहिलं लिहिणारे पहिल्या पंगतीला बसणार. त्यांच्यातच बुंदी संपली तर दुसऱ्या पंगतीतला कितीही थोर असो, त्याच्या पानात काही पडायचं नाही."

मी विचारलं, दुसऱ्या पंगतीतल्याला मार्क जास्त असले तर? ते म्हणाले, असू देत. त्याला कुणी सांगितलं होतं मागं बसायला?

तेव्हा मला पूर्ण कळलं. अण्णा समजत होता तसं हे नव्हतंच. मार्क बघणार होते, पण एकेका पंगतीपुरते. मनातली शाळा वर लिहिली नाही की ती गेल्यात जमा. आणि आमच्या भागातल्या मानपान सांभाळणाऱ्या किती आईबापांनी मनातली शाळा दुसऱ्या ओळीत लिहिली असेल, हे मला पुढच्या चार दिवसांत दिसणार होतं.

फॉर्म येऊन पडले. आम्ही तिघे कारकून जाजम टाकून खाली बसलो. प्रत्येक शाळेचे तीन गठ्ठे: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. पहिला गठ्ठा मार्कांप्रमाणे लावायचा, जागा संपेपर्यंत वरून नावं उतरवायची. एका वेळी हजार गोष्टी बघत होतो. कुणी आजोळचं गाव पहिलं घातलेलं, कुणी सासुरवाडीकडचं. चाकूरकडच्या एका बापानं तिन्ही ओळींत लातूरचीच शाळा लिहिली होती, तिन्ही ओळींत एकाच माणसाची सही. आम्ही तो फॉर्म एकमेकांना दाखवून हसलो. अडाणी म्हणालो त्याला.

तिसऱ्या दिवशी माझ्या हातात पुतणीचा फॉर्म आला. तिनं स्वतःच्या अक्षरात भरलेला. जिल्हा या शब्दापुढं तिनं आधी सवयीनं जुना जिल्हा लिहिला होता आणि मग तो खोडून लातूर लिहिलं होतं, माझ्यासारखंच. मी तो जरा जास्त वेळ धरला असणार, कारण हेडक्लार्क साहेबांनी मागून डोकावून आडनाव वाचलं आणि विचारलं, तुमच्याच घरची काय? मी हो म्हणालो. त्यांनी मार्क पाहिले, क्रम पाहिला आणि चष्मा काढला.

"हिला लातूर हवंय का नांदेड?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, लातूर.

"मग बापाचं पत्र आणा, क्रम बदलून मिळावा म्हणून. उद्या दुपारपर्यंत मी घेतो. नियमात बसतं. परवा गठ्ठे बांधले की मग ब्रह्मदेव आला तरी नाही."

हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. मी मागितलं नव्हतं. साडेअकराची गाडी होती, ती दोन-अडीचला फाट्यावर सोडते, तिथून गाव कोसभर. अण्णाची सही घेऊन मुक्काम करून सकाळच्या गाडीनं बारापर्यंत परत येता आलं असतं. अवघड काहीच नव्हतं.

मी काय म्हणालो ते मला अक्षरन् अक्षर आठवतं.

"राहू द्या साहेब. विचार करूनच लिहिलंय त्यांनी."

त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, चष्मा लावला आणि आपल्या जागेवर गेले. मी फॉर्म नांदेडच्या पहिल्या गठ्ठ्यात ठेवला.

पुढं मी स्वतःला खूप कारणं दिली. गावी जाऊन अण्णाला काय सांगू? मामाला खाली घाल आणि मला वर घे, असं? वहिनीनं काय म्हटलं असतं? मामाला कळल्यावर तो काय म्हणाला असता? कचेरीत आपल्या घरच्या मुलीसाठी धावपळ केली असं कुणी म्हणेल, हेही एक कारण मी शोधून काढलं, आणि ते सगळ्यात देखणं होतं. पण त्या घटकेला माझ्या मनात यातलं काही नव्हतं. मामाचा मान आधी ना, मग भोगा, एवढंच होतं. नांदेडचा गठ्ठा बघून मला जवळजवळ खात्री होती की तिथली जागा तिला मिळणार नाही, आणि तरी मी ते म्हणालो. त्या रागात ती पोर मला दिसलीच नाही, तिच्या आईबापांची चूक तेवढी दिसली.

यादी लागली तेव्हा अण्णा आला. कचेरीच्या जिन्यात भिंतीवर कागद चिकटवले होते, माणसांची झुंबड. अण्णा एकेका नावाखाली बोट ठेवून वाचत होता. नांदेडच्या यादीत तिचं नाव नव्हतं, तिथं पहिल्याच पंगतीत तिच्याहून थोड्या जास्त मार्कांच्या मुली बसल्या होत्या. मग तो लातूरच्या यादीशी आला आणि थांबला. शेवटची जागा त्या चाकूरकडच्या मुलीला मिळाली होती, तिन्ही ओळींत लातूर लिहिणाऱ्या बापाच्या. तिचे मार्क माझ्या पुतणीपेक्षा बरेच कमी होते. पुतणीचं नाव कंधारच्या यादीत होतं, सगळ्यात वर.

कमी मार्काची पोरगी आत आणि आपली बाहेर, असं कसं, अण्णानं मला विचारलं. मी त्याला पंगतीचा नियम सांगितला. असा सांगितला, की जणू मलाही आजच कळला. नियम किती वाईट आहे हेही सांगितलं, आणि तो वाईटच होता, त्यात खोटं काही नव्हतं. आईबापांनी मनातलं लिहिलं की फायदा आणि रीत पाळली की शिक्षा, असा नियम करणाऱ्यानं आमच्या भागात एक तरी पंगत जेवली होती का, देव जाणे.

अण्णानं ऐकून घेतलं. "मंजी आपलंच चुकलं," तो म्हणाला.

त्यानं आपलं म्हटलं. माझं म्हटलं नाही, तुझं तर नाहीच. मग तो वर येऊन बाकावर बसला. हेडक्लार्क साहेबांनी, जे आपला डबा कुणाला शिवू देत नसत, त्यांनी त्याला आपल्या डब्यातलं पाणी दिलं. अण्णाला त्यांनी काही सांगितलं नाही याबद्दल मी तेव्हा त्यांचे मनातल्या मनात आभार मानले.

कंधारला वसतिगृह नव्हतं, पण मोटार होती. सकाळी फाट्यावरून जायची आणि संध्याकाळी परत यायची. पुतणी जायला लागली. अडचण एवढीच की मोटार फाट्यावर यायची आणि टँकर गावात यायचा, वेळ एकच. वहिनीला दम लागायचा, तिच्यानं दोन घागरी उचलून आणणं होत नव्हतं. पहिले काही दिवस अण्णा टँकरपाशी उभा राहिला, पण त्याला दुष्काळी कामावर हजेरीला जावं लागे. मग पुतणी एक दिवस शाळेत आणि एक दिवस टँकरवर, असं करू लागली. पोळ्याच्या आधी तिनं जाणं सोडलं. कुणी तिला सोड म्हटलं नाही. रोज सकाळी घरात पाणी नाही हे दिसत होतं, आणि शाळा दिसत नव्हती.

मी अण्णाला म्हणालो, पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरू, लातूर पहिलं लिहू. तो हाव म्हणाला. मला खरंच वाटत होतं की एक वर्षाचाच प्रश्न आहे, पोरगी हुशार आहे, भरून काढेल. मी तिच्यासाठी आठवीची जुनी पुस्तकंसुद्धा मिळवून ठेवली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, चांगला झाला. विहिरी भरल्या, टँकर बंद झाला, गावात माणसं हसायला लागली. टंचाईच्या गावांची यादी रद्द झाली आणि तिच्याबरोबर ती योजनाही. बंद करण्याचं पत्र मीच नोंदवलं. तोवर नवा शिक्का आला होता, काही खोडायची गरज पडली नाही. पुस्तकं खाटेखाली राहिली आणि नंतर ती मी कचेरीतल्या शिपायाच्या मुलीला देऊन टाकली.

पुतणीला उदगीरकडं दिलं. माणसं चांगली मिळाली. गावातल्या डेअरीत दूध घेताना फॅट मोजतात, तिथला माणूस सोडून गेला तेव्हा ते काम तिनं नुसतं बघून उचललं. काचेच्या नळीत दूध, त्यात ॲसिड, मग नळ्या यंत्रात फिरवायच्या आणि आकडा वाचायचा. एकदा मी तिच्या गावी गेलो तेव्हा ती नळी उजेडात धरून डोळ्याशी नेऊन वाचत होती. मी दारातूनच पाहिलं आणि मग उगीच बाहेर चक्कर मारून आलो.

इतकी वर्षं मी लग्नाकार्यात त्या नियमावर बोलत आलो. चार माणसं जमली आणि शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचा विषय निघाला की मी पंगतीचा दाखला देतो आणि पहिल्या ओळीचं महत्त्व सांगतो. लोक माना डोलावतात. अनुभवी माणूस म्हणतात. अण्णा तिथं असला तर तोही मान डोलावतो आणि म्हणतो, माझ्याकडून चूक झाली होती, पोरीचं नुकसान केलं मी. तेव्हा मी विषय बदलतो.

मी निवृत्त झाल्यावर एका उन्हाळ्यात पुतणी तिच्या मुलीला घेऊन लातूरला माझ्या घरी आली. मुलगी दहावी झाली होती, पॉलिटेक्निकला जायचं म्हणत होती. आता सगळं कॉम्प्युटरवर. कॉलेजांची पसंती क्रमानं भरायची, आणि वर लिहिलेलं पहिलंच मिळालं तर ते घ्यावंच लागतं, मग बदल नाही. मला वाटलं, मला विचारायला आली असेल. मी चष्मा शोधायला लागलो आणि माझं ठरलेलं भाषण सुरू करणार तोच ती म्हणाली,

"काका, हिला नांदेड वर घालायचंय. लातूर खाली. तुमाला राग येऊ नये म्हून आधी सांगाया आले."

मी हसलो. म्हणालो, मला कशाचा राग?

मुलगी आतल्या खोलीत माझ्या नातवाच्या कॉम्प्युटरपाशी बसली होती, तिच्याकडं पुतणीनं एकदा पाहून घेतलं. मग तिनं मला त्या वेळची एक गोष्ट सांगितली. फॉर्म भरताना तिनं अण्णाला, म्हणजे तिच्या अप्पाला, म्हटलं होतं की लातूर वर लिहू द्या, मला तिकडंच जायचं आहे.

"तवा अप्पा म्हनले, मामाला राग येईल. काकाला येत न्हाई. त्यो घरचा हाय, त्याला खाली घातलं तरी चालतंय."

आमच्या घरात पंगत बसली की पाहुणे आधी आणि घरचे शेवटी. लहानपणापासून मी शेवटच्या पंगतीला अण्णाच्या शेजारी बसत आलो, आणि कधी मनाला लागलं नाही. त्या फॉर्मवरही अण्णानं मला आपल्या शेजारच्याच पाटावर बसवलं होतं, आणि मी ते उलटं वाचलं.

मग मी तिला सगळं सांगितलं. हेडक्लार्क साहेबांनी काय सांगितलं ते, दुपारपर्यंतची मुदत, साडेअकराची गाडी, आणि मी काय म्हणालो ते. थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा नियमाकडं वळलो असतो. ती जमिनीकडं बघत ऐकत होती. तिच्या हातांवर ॲसिडचे बारीक डाग होते.

"साडेअकराची गाडी सुटली होती का त्या दिवशी?" तिनं विचारलं.

"हाव," मी म्हणालो. "होती."

मला वाटलं ती रडेल किंवा बोलेल, आणि दोन्हीची माझी तयारी होती. ती म्हणाली,

"अप्पाला सांगू नका. चूक आपली हाय असं त्यांला वाटतंय, ते त्यांनी सोसलंय. तुमची होती हे आता त्यांच्यानं सोसायचं न्हाई."

मी बरं म्हणालो. तिनं आत जाऊन मुलीच्या शेजारी खुर्ची ओढली आणि फॉर्म भरायला बसली. नांदेड पहिलं लिहिलं. मला काही विचारलं नाही.

अण्णा आता थकला आहे. मी गेलो की अजून मला आपल्या शेजारी बसवून घेतो, आणि आल्यागेल्याला सांगतो, आमच्या ह्याला कधी कशाचा राग येत न्हाई. त्याला वाचून दाखवणारी नातवंडं घरात आहेत, म्हणून इथं मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही.